मुदतीची पिशवी

पूर्वी मुंबई इलाख्यातील चोर्यासी तालुक्यात मोडणारे गोडादरा आज सुरत महानगराच्या पोटात गेले आहे, आणि नंदुरबार, धुळे, जळगाव या मुलखांतून यंत्रमागांच्या ओढीने आलेल्या खानदेशी कुटुंबांची तेथे एवढी दाट वस्ती आहे, की अहिराणी कानी पडल्यावाचून गल्ली ओलांडणे कठीण. अशा घरातील कोणाचे अल्सरेटिव्ह कोलायटिसने जर्जर झालेले मोठे आतडे काढावे लागले आणि डॉक्टरांनी लहान आतड्याचे तोंड पोटावर काढून त्यावर मळासाठी ‘तात्पुरती पिशवी’ बसवली, की घरचे लगेच मुदत मोजू लागतात. परंतु ती मुदत निर्विघ्न पार पडावी एवढ्यासाठी शस्त्रवैद्यांना अर्धे शतक खर्ची घालावे लागले.

1913 साली सेंट लुईच्या जॉन यंग ब्राउन यांनी लहान आतड्याचे तोंड पोटावर उघडले, ते मोठ्या आतड्याला पूर्ण विश्रांती मिळून ते बरे व्हावे या हेतूने, म्हणजे मुळात मुदतीपुरतेच. व्याधी मात्र विश्रांतीला दाद देत नसे, आणि ते तोंड बहुधा जन्माचे सोबती होई. त्वचेशी समतल ठेवलेल्या तोंडातून झिरपणारा पाचकरस भोवतालची कातडी जाळी, आतड्याचे उघडे बाह्यावरण सुजून वाट अरुंद होई, आणि आत तुंबलेला द्रव एकाएकी लोंढ्याने बाहेर पडून रुग्ण शुष्क होई. या दुर्दशेला रोगाचाच अंश मानण्याची प्रथा होती, हे आज नवल वाटते. 1952 मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्रायन ब्रुक यांनी सदऱ्याची बाही दुमडावी तसे आतड्याचे टोक उलटवून त्वचेला शिवले. एवढ्या साध्या तजविजीने आधीचे निम्मे हाल मिटले.

पुढे 1978 मध्ये लंडनच्या पार्क्स व निकोल्स यांनी लहान आतड्याचीच थैली करून ती गुदद्वाराशी जोडण्याची रीत प्रसिद्ध केली, तेव्हा तो जोड भरून येईतो मळ वळवून नेण्याकरिता पिशवी पुन्हा मुदतीची झाली. मुदत साधारण दोन-तीन महिन्यांची असली, तरी उपद्रव मुदतीकडे पाहत नाहीत. रोज अर्धा ते पाऊण लिटर द्रव जाणे स्वाभाविक. दीड लिटरच्या वर गेला, की मीठ आणि मॅग्नेशियम घटते, मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि तहान भागवण्यास घटाघट प्यालेले नुसते पाणी ओघ आणखी वाढवते. उपाय मीठ-साखरेच्या पाण्याचा, ज्याची महती 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या साथीत सिद्ध केली. सुरतेच्या उन्हाळ्यात, मागाच्या उष्ण शेडमध्ये पाळी भरणाऱ्या माणसाला हे कोणी आवर्जून सांगितले नाही, तर पिशवीपेक्षा कोरड पडल्यानेच त्याची दवाखान्यात रवानगी होण्याचा संभव अधिक.

पिशवी बंद करण्यापूर्वी थैलीचा जोड तपासतात. तो गळत असेल, तर मुदतवाढ.