बाळाची वाट पाहताय? शृंगाराच्या डब्यात आधी काय बदलावं, काय नाही

लग्नाला वर्ष-दोन वर्षं झाली की हळदीकुंकू असो, बारसं असो, प्रश्न ठरलेला: "काय गं, गोड बातमी कधी?" हल्ली या प्रश्नाच्या जोडीला मोबाईलवर फिरणाऱ्या याद्याही येतात. शांपू बंद करा, लिपस्टिक फेकून द्या, बेसन लावा, मुलतानी माती लावा, म्हणजे दिवस राहतील. बेळगाव, निपाणी, म्हापसा, इंदूर, बडोदा, कुठल्याही गावातल्या घरी हे मेसेज पोहोचलेले आहेत. आत्याबाई ते वाचून दाखवतात आणि सूनबाई गुपचूप डबा रिकामा करते.

यात खरं किती? थोडं नक्कीच आहे, पण यादीत लिहिलंय तसं नाही. रोजच्या काही प्रसाधनांतली रसायनं शरीरातल्या हार्मोन्सच्या कामात ढवळाढवळ करतात, याचे पुरावे आहेत. मात्र प्रसाधनं बदलल्याने गर्भ राहतो, असं सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे सगळा डबा एका दिवसात बदलायची गरज नाही. आधी काय काढायचं, नंतर काय आणि कशाला हात लावायचा नाही, हा क्रम मात्र माहीत हवा.

अभ्यास काय सांगतात

नावं तीन-चारच लक्षात ठेवा. थॅलेट: सुवास टिकावा म्हणून आणि नेलपॉलिश लवचिक राहावं म्हणून वापरतात. पॅराबेन: क्रीम, शांपू खराब होऊ नये म्हणून घालतात. ट्रायक्लोसान: जंतुनाशक म्हणून साबणात, टूथपेस्टमध्ये असायचं. अमेरिकेने २०१६ मध्ये हात-अंग धुण्याच्या जंतुनाशक साबणांतून ट्रायक्लोसानवर बंदी घातली. युरोपीय महासंघाने २०१४ मध्ये पाच प्रकारचे पॅराबेन प्रसाधनांत बंद केले.

अमेरिकेत मिशिगन आणि टेक्सास राज्यांत ५०१ जोडप्यांचा अभ्यास झाला. त्यात ज्या नवऱ्यांच्या लघवीत काही थॅलेट जास्त सापडले, त्या जोडप्यांना दिवस राहायला जास्त वेळ लागल्याचं दिसलं. नवऱ्यांच्या, हे लक्षात घ्या. डबा फक्त बायकोचा तपासायचा नसतो.

दुसरा अभ्यास कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास भागातला. १०० मुलींना तीन दिवस ही रसायनं नसलेली प्रसाधनं वापरायला दिली. तीन दिवसांत सुवासाशी संबंधित थॅलेटचं लघवीतलं प्रमाण २७ टक्क्यांनी आणि मिथाइल पॅराबेनचं ४४ टक्क्यांनी घटलं. म्हणजे ही रसायनं शरीरातून लवकर जातात. वापर थांबवला की कमी होतात, पुन्हा सुरू केला की पुन्हा वाढतात.

पहिला नंबर: जे शरीरात मुक्काम करतं

थॅलेट दिवसा-दोन दिवसांत निघून जातं. पारा आणि शिसं तसं जात नाही. शिसं तर हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि गरोदरपणी हाडांतून रक्तात उतरून बाळापर्यंत पोहोचतं. म्हणून पहिली सफाई इथून.

*गोरेपणाची सुटी क्रीम.* कंपनीचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही, आठ दिवसांत उजळण्याची हमी, अशी डबी घरात असेल तर ती आजच बंद करा. अशा क्रीममध्ये पारा सापडलेला आहे. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशी क्रीम वापरणाऱ्यांच्या किडनीला इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं. लेबलवर मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड असं लिहिलेलं असेल तर तो पाराच समजायचा.

*औषधी क्रीम.* मुरमांवरच्या ट्रेटिनॉइन, अॅडापलिन, रेटिनॉल या क्रीम आणि डागांवरचं हायड्रोक्विनोन बाळाचा विचार सुरू झाला की डॉक्टरांना विचारून थांबवायचं. मुरमांच्या आयसोट्रेटिनॉइन गोळ्या तर दिवस राहण्याच्या किमान एक महिना आधी थांबवाव्याच लागतात, कारण त्याने बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. मैत्रिणीने दिलेली, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडची क्रीमही चेहऱ्याला लावू नये.

*शेंदूर आणि सुरमा.* इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी घरांत कुंकवासोबत भांगात सिंदूर भरायची पद्धत रुळली आहे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये सिंदुराच्या ११८ नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे ८० टक्के नमुन्यांत शिसं निघालं. सुरमा मुळात शिशाच्याच खनिजापासून बनवत आले आहेत. हळदीपासून बनवलेलं कुंकू हा जुना आणि बरा पर्याय, पण विश्वासाच्या दुकानातलं, सुटं आणि भडक रंगाचं नको. घरी पाण्यात टाकून शिसं ओळखता येत नाही, त्यामुळे तसल्या व्हिडिओवर विसंबू नका. कुंकू लावल्यावर हात धुवूनच स्वयंपाकाला लागावं.

*मशेरी.* ही प्रसाधनात मोजतात का, असं कुणी विचारेल. पण सकाळी आरशासमोर दात घासताना बोटावर घेतली जाते ती रोजचीच वस्तू. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखू. निपाणीसारख्या तंबाखूच्या पट्ट्यात आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना कितीतरी आया, वहिनी, काकू ती लावतात आणि तिला व्यसन म्हणतच नाहीत. मुंबईतल्या एका अभ्यासात धूरविरहित तंबाखू, त्यातही मुख्यतः मशेरी, वापरणाऱ्या गरोदर बायकांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. हजार रुपयांची 'ऑरगॅनिक' क्रीम घेण्याआधी मशेरीची डबी बाहेर गेली तर फायदा कितीतरी मोठा. तिच्या जागी साधी टूथपेस्ट आणि ब्रश पुरे.

दुसरा नंबर: सुवास

लेबलवर 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' असा एकच शब्द असतो. त्या एका शब्दामागे अनेक घटक असतात आणि थॅलेटचा वेगळा उल्लेख नसतो. त्यामुळे सोपा नियम असा: जे अंगावर दिवसभर राहतं ते बिनवासाचं घ्या. बॉडी लोशन, डिओ, पावडर, केसांचं सीरम ही त्यात पहिली. धुवून टाकायचा साबण आणि शांपू नंतर.

वासाची हौस मारायचं कारण नाही. मोगऱ्याचा गजरा आहे. गोव्यात आणि कोकणात हंगामात सुरंगीचे वळेसर मिळतात. अत्तर-सेंट लावायचंच असेल तर कातडीवर न लावता कपड्यावर, तेही सणासुदीला.

घरातले पर्याय, वस्तूनुसार

*फेसवॉश आणि स्क्रब:* बेसन किंवा मसुराच्या डाळीचं बारीक पीठ, दुधात किंवा पाण्यात कालवून. पीठ कोरडं डब्यात ठेवा, रोज लागेल तेवढंच भिजवा. चोळायचं नाही, हलकं लावून धुवायचं.

*शांपू:* शिकेकाई, रिठा, आवळा रात्री भिजवून सकाळी उकळून गाळून घ्यावं. डोळ्यांत गेलं तर फार चुरचुरतं. रोज जमत नसेल तर आठवड्यातून एकदा हे, एरवी सौम्य बिनवासाचा शांपू. एवढंही चालतं.

*बॉडी लोशन:* अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचं तेल. थंडीत ग्वाल्हेर-इंदूरकडे तिळाचं, किनाऱ्याला खोबरेल, जसं सोसेल तसं.

*लिप बाम:* एक चमचा मेण आणि तीन चमचे खोबरेल वाफेवर वितळवून छोट्या डबीत ओतायचं. पूर्वी कुंकवाखाली लावायचं मेण ते हेच. रात्री ओठांना साजूक तूप लावलं तरी काम भागतं.

*डिओ:* आंघोळीनंतर तुरटीचा खडा ओला करून काखेत फिरवायचा. एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी. 'अॅल्युमिनियम नको म्हणून तुरटी' असं लोक म्हणतात, पण तुरटीतही अॅल्युमिनियमच असतं. तुरटीचा फायदा एवढाच की तिला सेंट नसतो.

*नेलपॉलिश:* पाट्यावर वाटलेली मेंदीची पानं. नखं आठवडे रंगलेली राहतात. बाजारातला 'काळ्या मेंदी'चा कोन मात्र नको. त्यात केस रंगवायचं रसायन असतं आणि त्याने फोड येतात.

घरचं असलं तरी जपून

'घरचं म्हणजे निर्धोक' हा समज सगळ्यात महागात पडतो.

लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन् महिने जात नाहीत. खाण्याचा सोडा कातडीला फार तीव्र पडतो. खोबरेल तेलाने ऊन अडत नाही. उन्हासाठी छत्री, पदर, ओढणी किंवा झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. सुटी हळद भडक पिवळी दिसत असेल तर सावध राहा. रंगासाठी हळदीत शिशाची भेसळ झाल्याची उदाहरणं आहेत. हळकुंड आणून घरी दळलेली बरी. पाणी, दूध, दही, कोरफडीचा गर घातलेलं काहीही दोन दिवसांच्या वर ठेवायचं नाही. न दिसणारी बुरशी त्यात आधीच धरलेली असते.

दिव्यावर धरलेलं घरचं काजळ शिशापुरतं बरं असेल, पण काजळी ती काजळीच. पापणीच्या आतल्या कडेला आणि बाळाच्या डोळ्यांत घालू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं. योनीमार्गात दही, तुरटीचं पाणी, कडुलिंबाचा काढा, सुवासिक वॉश, काहीही घालायचं नाही. ती जागा आपली सफाई आपण करते. आतून धुण्याच्या सवयीचा संबंध जंतुसंसर्गाशी आणि दिवस राहायला उशीर होण्याशी आढळलेला आहे. बाहेरून साधं पाणी पुरतं. पांढरं जाणं, खाज, वास असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. घरगुती उपाय इथे नको.

नवऱ्याचाही डबा उघडा

पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. म्हणजे आज केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला तेवढा काळ द्यायला हवा. डिओचे फवारे, सेंटेड हेअर जेल, आफ्टरशेव्ह कमी करता येतात. पण पुन्हा तोच हिशेब: गुटखा, बिडी, सिगारेट चालू ठेवून फक्त जेल बदलणं म्हणजे रुपया सोडून पै मोजणं. मांडीवर लॅपटॉप, रोजचं कडक गरम पाण्यात बसणं आणि घट्ट चड्डी यांनी वृषणांना जी उष्णता मिळते, तीही शुक्राणूंना मानवत नाही.

बदल करा, पण तपासणी लांबवू नका

या सगळ्या उटण्या-तेलांत एक खरा धोका आहे: वेळ जाण्याचा. 'आधी सहा महिने नैसर्गिक करून बघू' म्हणता म्हणता दोन वर्षं जातात. नळ्या बंद असतील, पीसीओएस किंवा थायरॉइड असेल, गर्भाशयाचा क्षयरोग असेल किंवा शुक्राणू कमी असतील, तर बेसनाने त्यातलं काहीच बदलत नाही.

डॉक्टरांचा नियम सोपा आहे. बायकोचं वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत की तपासणी. वय ३५ किंवा जास्त असेल तर सहा महिन्यांनी. पाळी फार अनियमित असेल, पूर्वी क्षयरोग झाला असेल किंवा नवऱ्याला लहानपणी अंडकोषाचा त्रास झाला असेल, तर तेवढंही थांबू नये. तपासणी दोघांची एकाच वेळी व्हायला हवी. वीर्यतपासणी ही सगळ्यात सोपी आणि स्वस्त चाचणी आहे, तरी आपल्याकडे ती सगळ्यात शेवटी होते. तोपर्यंत सूनबाईच्या दहा चाचण्या होऊन गेलेल्या असतात.

तपासणीची वाट न पाहता आजपासून सुरू करण्यासारखी गोष्ट म्हणजे फॉलिक अॅसिड. बाळाचा विचार करणाऱ्या बाईने रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं, असा सल्ला दिला जातो. त्याने बाळाच्या मेंदू-मणक्याच्या व्यंगाचा धोका कमी होतो. गोळी स्वस्त असते आणि सरकारी दवाखान्यात विचारली तर मिळतेही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाचा सामना करावा लागतो. म्हणजे हळदीकुंकवाला जमलेल्या प्रत्येक घोळक्यात असं कुणीतरी असतंच. लिपस्टिक लावली म्हणून तिला दिवस राहिले नाहीत, असं समजून तिच्यावर आणखी एक दोष टाकू नये. तिचा डबा तपासायचा तर तिला विचारून तपासा. क्रम असा: आधी पाऱ्याची क्रीम, औषधी क्रीम, सुरमा-सिंदूर आणि मशेरी, मग दिवसभर अंगावर राहणारा सेंट, आणि बाकीचं सवडीने. "गोड बातमी कधी?" हा प्रश्न त्या डब्यासोबतच बाहेर टाकला तर आणखी बरं.