नगरनियोजनातील लोकसल्ला आणि अनुपस्थित नागरिक : कॅनडातील शहरांचा अनुभव

प्रस्तावना

शहराचा विकास आराखडा म्हणजे रस्ते, आरक्षणे आणि इमारतींची उंची ठरविणारा तांत्रिक दस्तऐवज, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः कोणाचे घर टिकेल आणि कोणाचे जाईल हेही त्यातूनच ठरत असते. म्हणूनच आराखडा करताना नागरिकांचे म्हणणे ऐकावे, हे तत्त्व आज लोकशाही देशांत सर्वमान्य झाले आहे. कॅनडा हा या बाबतीत अनुकरणीय देश म्हणून अनेकदा उल्लेखिला जातो. तथापि तेथील लोकसल्ल्याची परंपरा शासनाच्या औदार्यातून निर्माण झालेली नाही. पाडलेल्या वस्त्या आणि पाडण्यास विरोध करणाऱ्या वस्त्या यांच्या इतिहासातून ती घडली आहे. या परंपरेचा मागोवा घेऊन, सल्लामसलतीच्या प्रत्येक टप्प्यावर सभागृहात कोण होते आणि कोण नव्हते, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मूलनिवासी समुदायांशी सल्लामसलत करण्याचे शासनाचे कर्तव्य ही स्वतंत्र घटनात्मक बाब असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

मराठी वाचकास ‘हरकती व सूचना’ हा शब्दप्रयोग परिचित आहे. त्यामागील कायदेशीर परंपरा आणि कॅनडातील परंपरा यांचे मूळ काही अंशी एकच आहे. ब्रिटनच्या १९०९ च्या नगररचना कायद्याच्या प्रभावाखाली मुंबई प्रांताचा १९१५ चा नगररचना कायदा तयार झाला. त्याच ब्रिटिश कायद्याच्या अंमलबजावणीत काम केलेले थॉमस ॲडम्स १९१४ मध्ये कॅनडाच्या संवर्धन आयोगाचे नगररचना सल्लागार झाले. या परंपरेत हरकत घेणारी व्यक्ती ही प्रामुख्याने जमिनीची मालक असे. ज्याची मालमत्ता बाधित होते त्याचे ऐकावे, एवढाच तिचा आरंभीचा आशय होता. ज्याच्या नावावर मालमत्ता नाही, पण ज्याचे आयुष्य त्या जागेशी बांधलेले आहे, त्याचे काय, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित राहिला.

आफ्रिकव्हिल : न ऐकलेला नकार

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅनडातील मोठ्या शहरांत ‘नागरी नूतनीकरणा’चे पर्व सुरू झाले. जुन्या वस्त्या ‘जीर्ण’ घोषित करायच्या, जमीन संपादन करून त्या पाडायच्या आणि तेथे सार्वजनिक गृहप्रकल्प, रस्ते किंवा उद्योग आणायचे, असे त्याचे स्वरूप होते. राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यात १९६४ साली झालेल्या दुरुस्तीने या कार्यक्रमास केंद्राचे आर्थिक पाठबळ वाढले.

नोव्हा स्कोशिया प्रांतातील हॅलिफॅक्स शहराच्या उत्तर टोकास बेडफर्ड खोऱ्याच्या किनाऱ्यावर आफ्रिकव्हिल ही कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तेथील पहिली नोंदणीकृत जमीनखरेदी १८४८ मधील आहे. रहिवासी कर भरत असूनही नगरपालिकेने त्यांना नळाचे पाणी किंवा मलनिस्सारण व्यवस्था दिली नाही. उलट तुरुंग, संसर्गजन्य रोगांचे रुग्णालय आणि पुढे शहराचा कचरा डेपो या गोष्टी वस्तीच्या शेजारी आणून ठेवल्या. नंतर त्याच दुरवस्थेचे कारण दाखवून वस्ती हटविण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला. ऑगस्ट १९६२ मध्ये रहिवाशांनी आपल्या चर्चमध्ये सभा घेऊन स्थलांतरास विरोध नोंदविला. परंतु जानेवारी १९६४ मध्ये नगरपालिकेने टोरोंटो विद्यापीठातील तज्ज्ञ अल्बर्ट रोझ यांच्या अहवालाच्या आधारे स्थलांतराचा निर्णय कायम केला. रोझ यांनी वस्तीला दिलेली भेट अत्यंत अल्प होती.

सुमारे चारशे लोकांच्या या वस्तीत अनेक कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा ताबा होता, मात्र कायदेशीर खरेदीखत नव्हते. अशा कुटुंबांना केवळ ५०० डॉलर देण्यात आले. काहींचे सामान नगरपालिकेच्या कचऱ्याच्या ट्रकमधून हलविण्यात आले. नोव्हेंबर १९६७ मध्ये वस्तीचे चर्च रात्रीच्या वेळी पाडले गेले आणि १९७० च्या आरंभी शेवटचे घर गेले. डोनल्ड क्लेअरमाँट आणि डेनिस मॅगिल यांचा १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या विषयावर आजही आधारभूत मानला जातो.

येथे एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. आफ्रिकव्हिलमध्ये चर्चा झालीच नाही, असे म्हणता येत नाही. समित्या होत्या, हितचिंतक होते, तज्ज्ञांचे अहवालही होते. स्थलांतर रहिवाशांच्या कल्याणासाठीच आहे, असा अनेक सुशिक्षितांचा प्रामाणिक विश्वास होता. नव्हता तो रहिवाशांच्या नकाराला कोणताही अधिकार. २४ फेब्रुवारी २०१० रोजी हॅलिफॅक्सचे महापौर पीटर केली यांनी नगरपालिकेच्या वतीने जाहीर क्षमायाचना केली. चर्चची प्रतिकृतीही उभारण्यात आली. वस्ती मात्र परत आली नाही.

स्ट्रॅथकोना : संघटित विरोध आणि त्याची मर्यादा

आफ्रिकव्हिल पाडले जात असतानाच देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर याच धोरणाला वेगळे वळण मिळाले. व्हँकूव्हरमधील स्ट्रॅथकोना हा प्रामुख्याने चिनी वंशाच्या रहिवाशांचा भाग होता. लेनर्ड मार्श यांनी १९५० मध्ये या भागाच्या पुनर्बांधणीची शिफारस केली आणि पुढे दोन टप्प्यांत अनेक ब्लॉक पाडण्यात आले. तिसऱ्या टप्प्यात उर्वरित वस्ती जाणार होती. याच सुमारास, १९६७ मध्ये, लगतच्या चायनाटाऊनमधून द्रुतगती मार्ग नेण्याचा प्रस्ताव आला. त्याविरुद्ध शहरभर एवढा क्षोभ उसळला, की १९६८ च्या आरंभी नगरपालिकेस तो मार्ग मागे घ्यावा लागला.

डिसेंबर १९६८ मध्ये ‘स्ट्रॅथकोना मालमत्ताधारक व भाडेकरू संघटना’ स्थापन झाली. मेरी चॅन, त्यांची कन्या शर्ली चॅन आणि बेसी ली यांनी घरोघरी जाऊन लोकांना संघटित केले. पुढे व्हँकूव्हरचे महापौर आणि ब्रिटिश कोलंबियाचे मुख्यमंत्री झालेले माइक हारकोर्ट हे तेव्हा संघटनेचे तरुण वकील होते. सभांचे कामकाज चिनी भाषेतही चालत असे. ही बाब वरवर किरकोळ वाटली, तरी तिचे महत्त्व मोठे आहे. ज्या भाषेत माणूस घरात बोलतो त्या भाषेत त्याला आराखड्यावर बोलता आले, म्हणूनच पूर्वी गप्प राहिलेले वृद्ध रहिवासी पुढे आले.

दरम्यान केंद्रीय मंत्री पॉल हेलियर यांच्या कार्यदलाने जानेवारी १९६९ च्या अहवालात सरसकट पाडकामाच्या धोरणावर टीका केली. त्याच वर्षी केंद्र सरकारने रहिवाशांच्या सहभागाशिवाय स्ट्रॅथकोनासाठी निधी न देण्याची भूमिका घेतली. परिणामी केंद्र, प्रांत, नगरपालिका आणि रहिवासी संघटना अशा चारही पक्षांची कार्यसमिती बनली. पाडकामाऐवजी घरदुरुस्तीचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. १९७३ मध्ये केंद्राने सुरू केलेल्या ‘परिसर सुधार कार्यक्रमा’मागे या प्रयोगाची प्रेरणा होती.

कॅनडातील नगरनियोजनाच्या इतिहासात स्ट्रॅथकोनाचे यश सर्वत्र नोंदविले जाते. त्याच्या दुसऱ्या बाजूचा उल्लेख मात्र दीर्घकाळ झाला नाही. स्ट्रॅथकोनाच्याच एका कडेला, युनियन आणि प्रायर या रस्त्यांच्या मध्ये, ‘होगन्स ॲली’ ही व्हँकूव्हरमधील कृष्णवर्णीयांची छोटी वस्ती होती. रेल्वेतील हमाल, त्यांची कुटुंबे, एक चर्च आणि काही भोजनगृहे असे तिचे स्वरूप होते. द्रुतगती मार्ग रद्द झाला, पण त्याचाच भाग म्हणून योजलेले जॉर्जिया व डन्समुअर हे उड्डाणपूल १९७२ पर्यंत बांधून पूर्ण झाले आणि होगन्स ॲलीची पश्चिमेकडील बाजू त्यांच्यासाठी नाहीशी झाली. तेथील पाडकाम संघटना स्थापन होण्यापूर्वीच सुरू झाले होते. विरोधाने मोठा अनर्थ टळला, परंतु जे आधीच विखुरले गेले होते त्यांच्यापर्यंत या विजयाचा लाभ पोहोचला नाही. पुढे २०२२ मध्ये नगरपालिका आणि ‘होगन्स ॲली सोसायटी’ यांच्यात तेथील जागेच्या भविष्यासंबंधी सामंजस्य करार झाला. मूळ घटनेला तोपर्यंत अर्धशतक उलटून गेले होते.

ट्रेफॅन कोर्ट : एका वस्तीतील दोन हितसंबंध

टोरोंटोतील अनुभव आणखी एका बाजूवर प्रकाश टाकतो. तेथील स्पॅडायना द्रुतगती मार्ग नागरिकांच्या चळवळीमुळे ३ जून १९७१ रोजी प्रांताचे मुख्यमंत्री बिल डेव्हिस यांनी थांबविला. १९६८ मध्ये टोरोंटोत स्थायिक झालेल्या विचारवंत जेन जेकब्स यांचा या चळवळीतील सहभाग सुपरिचित आहे. तुलनेने कमी परिचित, परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण ट्रेफॅन कोर्टचे आहे.

रीजंट पार्क या सार्वजनिक गृहप्रकल्पाच्या शेजारची ही श्रमिकांची वस्ती १९६६ मध्ये पाडण्यासाठी निश्चित झाली होती. जॉन सूएल या तरुण कार्यकर्त्याने रहिवाशांसह तिला विरोध केला. ते १९६९ मध्ये नगरसेवक आणि पुढे महापौर झाले. १९७० मध्ये नगरपालिकेने रहिवाशांचा समावेश असलेली कार्यसमिती नेमली आणि १९७२ मध्ये तिने केलेल्या आराखड्यास मान्यता मिळाली. रहिवाशांनीच आराखडा करण्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. परंतु या समितीचे कामकाज सुरळीत चालले नाही. घरमालकांना आपल्या घराची किंमत आणि दुरुस्ती यांची चिंता होती. भाडेकरूंना परवडणारे घर हवे होते. ‘रहिवासी’ या एका शब्दाखाली दोन भिन्न हितसंबंध असतात, हे ट्रेफॅन कोर्टने स्पष्ट केले. शेरी आर्नस्टीन यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील अनुभवांवरून नागरी सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सत्ता कितपत वाटली जाते हे त्या शिडीने मोजता येते. परंतु शिडीवर कोण चढतो, हा प्रश्न त्यानंतरही उरतो.

कायद्याचे कवच

सत्तरच्या दशकातील संघर्षांचे रूपांतर हळूहळू कायद्यात झाले. क्वेबेक प्रांताने १९७९ च्या भूवापर नियोजन कायद्याने सल्लामसलत बंधनकारक केली. ऑन्टारिओच्या १९८३ च्या नियोजन कायद्याने आराखडा स्वीकारण्यापूर्वी जाहीर सभा घेणे आवश्यक ठरविले. हक्क कायद्यात आला, ही निःसंशय मोठी प्रगती होती. परंतु त्याबरोबरच त्याचे स्वरूप बदलले. वस्तीच्या भाषेत, वस्तीच्या जागी होणाऱ्या सभेऐवजी ठरावीक वेळी, ठरावीक मिनिटांत बोलण्याची जनसुनावणी रूढ झाली. अशा सुनावणीस ज्यांना सवड आहे, कायद्याची भाषा अवगत आहे आणि जपण्यासारखी मालमत्ता आहे, तेच नागरिक प्राधान्याने येतात.

या उणिवेवर दोन उल्लेखनीय उपाय योजले गेले. मॉन्ट्रिऑलमध्ये २००२ साली स्वतंत्र लोकसल्ला कार्यालय सुरू झाले. त्याचे आयुक्त निवडून आलेले प्रतिनिधी किंवा नगरपालिकेचे कर्मचारी नसतात आणि त्यांचे अहवाल जाहीर केले जातात. शिफारशी बंधनकारक नसल्या, तरी त्या झाकून ठेवता येत नाहीत. पुढे १५ वर्षांवरील १५,००० रहिवाशांच्या स्वाक्षऱ्यांनी सल्लामसलतीची मागणी करण्याचा अधिकारही नागरिकांना मिळाला. येथे वयाची अट मतदाराहून कमी आहे आणि निकष मालकीचा नसून वास्तव्याचा आहे. व्यवस्थात्मक वंशभेदावरील सल्लामसलत याच मार्गाने झाली आणि तिचा अहवाल जून २०२० मध्ये आला. दुसरा उपाय टोरोंटोचा. तेथे २०१५ मध्ये १२,००० घरांना पत्रे पाठवून, इच्छुकांतून सोडत पद्धतीने २८ जणांचे नियोजन समीक्षा मंडळ निवडण्यात आले. शहरातील जवळजवळ निम्मी कुटुंबे भाड्याच्या घरांत राहतात, हे वास्तव सदस्यनिवडीत विचारात घेतले गेले. मंडळ केवळ सल्लागार होते, परंतु सभेला कोण येते हे योगायोगावर न सोडण्याचा तो प्रयत्न होता.

संकोचाचा काळ

अलीकडच्या वर्षांत दिशा बदलली आहे. घरांची तीव्र टंचाई आणि वाढलेल्या किमती यांमुळे जनसुनावणी हाच गृहनिर्माणातील अडथळा आहे, असा विचार बळावला. ऑन्टारिओने २०२२ च्या कायद्याने भूविभाजन आराखड्यासाठी जाहीर सभेची सक्ती काढली आणि २०२४ मध्ये त्रयस्थ नागरिकांच्या अपिलाचा अधिकार मर्यादित केला. ब्रिटिश कोलंबियाने २०२३ मध्ये अधिकृत समुदाय आराखड्याशी सुसंगत अशा निवासी प्रकल्पांवर स्वतंत्र जनसुनावणी घेण्यास मनाई केली. लोकांचे म्हणणे मूळ आराखडा करतानाच घ्यावे, प्रत्येक इमारतीच्या वेळी नव्हे, अशी त्यामागील भूमिका आहे.

या भूमिकेत तथ्य आहे. सुनावणीस येणारा प्रस्थापित घरमालक नव्या इमारतीस विरोध करतो आणि तिच्यात राहू शकणारा भावी भाडेकरू त्या सभेत नसतोच. अनुपस्थिताचा हा पक्ष न्याय्य आहे. परंतु दुसराही अनुपस्थित आहे. नव्या इमारतीसाठी जी जुनी, स्वस्त भाड्याची इमारत पाडली जाते, तिच्यातील भाडेकरू आराखडा तयार होत असताना सहसा पुढे येत नाही. आपले घर त्यात आहे हे त्याला प्रकल्प दाराशी आल्यावरच कळते आणि नेमक्या त्या वेळी सुनावणी नसते. त्याची स्थिती खरेदीखत नसलेल्या आफ्रिकव्हिलच्या कुटुंबापेक्षा फार वेगळी राहत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की कॅनडातील लोकसल्ल्याचे यश सभांच्या संख्येवर अवलंबून नव्हते. स्ट्रॅथकोना आणि ट्रेफॅन कोर्ट येथे निर्णय बदलण्याची शक्यता शिल्लक असताना लोक बोलले आणि निधी किंवा मान्यता त्यांच्या सहभागाशी जोडलेली होती. आफ्रिकव्हिलमध्ये चर्चा झाली, पण नकाराला किंमत नव्हती. होगन्स ॲलीला तर बोलण्याची वेळच उरली नाही. त्यामुळे सुनावणीवर घरमालकांचे वर्चस्व आहे, या आक्षेपाचे उत्तर सुनावणी रद्द करण्यात नसून तिची रचना बदलण्यात आहे. सोडतीने निवडलेले मंडळ, स्वतंत्र आयुक्त, भाडेकरूला थेट सूचना आणि त्याच्या भाषेतील सभा या सर्व गोष्टी करून पाहिलेल्या आहेत. त्या खर्चिक आणि संथ आहेत हे खरे. परंतु हॅलिफॅक्सला शेचाळीस वर्षांनी जी क्षमायाचना करावी लागली, तिची किंमत याहून कितीतरी अधिक होती.