हुंडणावळ व प्रवासी द्रव्यव्यवहार

एका गावी भरलेले द्रव्य दुसऱ्या गावी किंवा परमुलखात मिळावे, यासाठी सावकाराला द्यावा लागणारा मोबदला म्हणजे हुंडणावळ. पुढे दोन देशांच्या चलनांमधील विनिमयाच्या दरासही मराठीत हुंडणावळीचा दर म्हटले जाऊ लागले. प्रवाशाच्या दृष्टीने हा अर्थविस्तार सार्थ आहे. कारण त्याला होणारी तूट दोन वाटांनी होते. एक उघड मागितलेल्या शुल्काची आणि दुसरी नाण्याच्या किंवा चलनाच्या भावात दडलेली. पहिलीबद्दल घासाघीस करणारा प्रवासी दुसरीकडे बहुधा दुर्लक्ष करतो. या व्यवहाराचा महाराष्ट्रातील इतिहास मुख्यतः या दुसऱ्या तुटीचा इतिहास आहे.

अठराव्या शतकात पुण्याहून काशीयात्रेस निघणारा गृहस्थ मोठी रोकड जवळ बाळगत नसे. वाटेत चोर, पेंढारी व ठग यांचे भय होतेच, शिवाय हजार रुपयांचे वजनच सु. अकरा किग्रॅ. भरे. तो पुण्यातील पेढीवर रक्कम भरून काशीच्या पेढीवरची हुंडी घेई. दाखविताच पैसे मिळावयाची ती दर्शनी व ठराविक दिवसांनी मिळावयाची ती मुदती हुंडी. बाजारात पत असलेल्या इसमामार्फतच जिचे पैसे मिळत, ती शहाजोग हुंडी चोराच्या हाती पडली, तरी त्याला तिचा उपयोग नसे. अंकात फेरफार होऊ नये म्हणून रकमेबरोबर तिची निम्मी रक्कम लिहून ‘त्याचे दुप्पट’ असा उल्लेख करीत. हुंडी हरवल्यास तिची दुसरी प्रत ‘पेठ’ व तीही गहाळ झाल्यास तिसरी प्रत ‘परपेठ’ मिळे. प्रवाशांच्या द्रव्याला आधुनिक बँकांनी जे संरक्षण दिले, त्यातील बहुतेक तत्त्वे या पद्धतीत आढळतात.

हुंडणावळ कायम ठरलेली नसे. मराठ्यांचा उत्तरेतील वसूल व खंडणी बऱ्याच अंशी हुंड्यांच्या रूपाने दक्षिणेत येई. ज्या सावकाराचे द्रव्य काशीत किंवा माळव्यात पडून असे, त्याला ते पुण्यास आणण्याचा खर्च होताच. अशा वेळी यात्रेकरूने पुण्यात रोख भरून काशीत पैसे घेणे हे सावकाराच्याच सोयीचे असे व त्यामुळे हुंडी स्वस्त पडे. उलट दिशेने मात्र सर्वांचीच मागणी असल्याने दर चढा राही. जाणत्या कुटुंबात यात्रेचा मुहूर्त ज्योतिषाला विचारीत आणि हुंडीचा भाव सराफाला. दोहोंपैकी दुसऱ्याचे उत्तर अधिक खात्रीचे असे, असे म्हणावयास हरकत नाही.

हुंडी वटली, तरी कोणत्या रुपयांत, हा प्रश्न उरे. पुण्याचा अंकुशी, चांदवडी, सुरती, अर्काटी असे अनेक रुपये एकाच वेळी चलनात होते आणि त्यांचे कस व वजन भिन्न होते. झिजलेल्या किंवा परक्या नाण्यावर सराफ बट्टा कापी. म्हणून हुंडीत नाण्याचा सिक्का स्पष्ट नमूद करण्याची दक्षता घेत. ज्यांना हुंडीचा आधार नव्हता, त्यांची स्थिती विष्णुभट गोडसे यांच्या माझा प्रवास या ग्रंथातून दिसते. वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये द्रव्यार्जनासाठी उत्तरेत गेला. परंतु दक्षिणेच्या रूपाने मिळालेले धन झांशीच्या लुटीत गेले.

परमुलूख त्या काळी समुद्रापलीकडेच होता असे नाही. पुणे–सोलापूर मार्गावर पुण्याच्या पूर्वेस सु. ४० किमी. वर असलेले यवत (दौंड तालुका) हे मुक्कामाचे गाव होते. येथून सोलापूरमार्गे तुळजापूरला जाणाऱ्या देवीभक्ताला निजामाच्या राज्याची हद्द ओलांडावी लागे. ब्रिटिशांनी १८३५ च्या कायद्याने आपल्या मुलखात १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया सुरू केल्यानंतरही हैदराबाद संस्थानात हाली सिक्का चालू राहिला. मराठवाड्यातील लोक ब्रिटिश रुपयाला ‘कलदार’ म्हणत. विसाव्या शतकात शंभर कलदारांचा अधिकृत भाव ११६ रुपये १० आणे ८ पै हाली असा होता, म्हणजे सहा कलदारांना सात हाली. हा भाव सरकारी असला, तरी थोडी रक्कम बदलणाऱ्याला सराफाच्या तोंडचा भाव मान्य करावा लागे. पैठण, औंढा नागनाथ व परळी वैजनाथ हीही हाली मुलखातील क्षेत्रे. पैठणहून पंढरीस येणाऱ्या वारकऱ्याला उलट अडचण येई. आपले हाली देऊन त्याला कलदार घ्यावे लागत. एकाच भाषेच्या व एकाच दैवताच्या लोकांना वारीसाठी चलन बदलावे लागावे, ही विसंगती हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर संपली. हाली नाणे त्यानंतरही काही वर्षे टिकून १९५० नंतरच्या दशकात चलनातून गेले.

या संदर्भात वारीची रीत लक्षणीय आहे. तुकाराममहाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या पालखी सोहळ्यातील एक मुक्काम यवतला असतो व गावकरी वारकऱ्यांना पिठले-भाकरीचे जेवण देतात. अन्न व निवारा गावोगाव मिळत असल्याने वारकऱ्याची द्रव्याची गरजच कमी होते. अहिल्याबाई होळकर यांनी तीर्थक्षेत्री बांधलेले घाट व धर्मशाळा आणि चालविलेली अन्नछत्रे यांचेही आर्थिक फल हेच होते. पण अर्थशास्त्रीय लेखनात त्यांची नोंद क्वचितच होते.

पुण्यापासून यवतवरून जाणारा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत पोहोचला आणि टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डरीची सोय केली. लहान रकमांसाठी हुंडीची गरज त्यामुळे कमी झाली. मनीऑर्डरीचे शुल्क छापील असल्याने घासाघीसही संपली. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील हुंड्यांविषयीच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या.

समुद्रापार जाणाऱ्यांची कथा वेगळी आहे. राघोबादादांचे वकील हणमंतराव व मणियार पारशी १७८१ मध्ये इंग्लंडमध्ये होते. तेथील त्यांची गैरसोय पाहून एडमंड बर्क यांनी त्यांना आपल्या घरी आश्रय दिला. साताऱ्याचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते १८४० ते १८५३ या काळात लंडनमध्ये होते. १८४७ मध्ये काशी येथे छत्रपतींचे निधन झाल्यावर पैशाचा ओघ आटला आणि वकिलांना कर्ज झाले. पाठविणाराच नाहीसा झाला, की कोणतीही पेढी उपयोगी पडत नाही, हे या प्रकरणात दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नवी अडचण उद्भवली. चांदीचा भाव कोसळल्याने १८७३ च्या सुमारास दोन शिलिंगांच्या जवळ असलेला रुपया १८९३ पर्यंत सु. सव्वा शिलिंगावर आला. विलायतेत शिकणाऱ्या मुलाला घरून तितकेच रुपये गेले, तरी त्याच्या हाती कमी पौंड पडत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोदे संस्थानाने १९१३ मध्ये दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती. ती रुपयांत नसल्याने रुपयाच्या चढउताराचा धोका विद्यार्थ्यावर आला नाही. १९२० मध्ये ते शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले, ते स्वतःची बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राकडील कर्ज यांवर. त्याच वर्षी फेब्रुवारीत रुपयाचा भाव २ शिलिंग १० पेन्सांच्या आसपास होता. तो १९२१ मध्ये १ शिलिंग ४ पेन्सांखाली घसरला. एका पौंडास जेथे सु. सात रुपये पडत, तेथे पंधराहून अधिक पडू लागले. द्रव्याभावी ते १९२३ मध्ये परतले आणि त्याच वर्षी त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. रुपयाच्या किंमतीचा विचार या विद्यार्थ्याला केवळ ग्रंथालयात करावा लागला नव्हता.

प्रवासी धनादेशाचे मूळ लंडनमध्ये १७७२ साली निघालेल्या पत्रांत आहे. अमेरिकन एक्सप्रेसने १८९१ मध्ये त्याला रूढ रूप दिले. घेताना एक व वटविताना दुसरी अशा दोन स्वाक्षऱ्यांच्या मेळावर त्याची सुरक्षितता अवलंबून असे, म्हणजे शहाजोग हुंडीचे काम येथे स्वाक्षरीने केले. भारतात १९३९ पासून विदेशी चलनावर नियंत्रण आले. १९४७ व १९७३ च्या कायद्यांनी ते दृढ केले. त्या दशकांत प्रवाशापुढील प्रश्न शुल्काचा नव्हता, परवानगीचा होता. नाममात्र डॉलर खिशात घेऊन गेलेल्या अनेक मराठी विद्यार्थ्यांना पहिले दिवस तेथील परिचितांच्या घरी काढावे लागले. १९९९ चा नवा कायदा जून २००० पासून अंमलात आला. २००४ मध्ये व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर पाठविण्याची मुभा मिळाली व ही मर्यादा २०१५ मध्ये २,५०,००० डॉलर झाली.

आता प्रवासी धनादेशाची जागा पत्रकांनी, म्हणजे बँकेच्या कार्डांनी घेतली आहे. साध्या कार्डाने परदेशात खर्च केल्यास अनेक बँका रकमेच्या सु. दोन ते साडेतीन टक्के अधिभार व त्यावर कर घेतात. यंत्रातून रोकड काढल्यास दर वेळी स्वतंत्र शुल्क पडते, त्यामुळे थोडी थोडी रक्कम काढणे महाग ठरते. आगाऊ भरलेल्या विदेशी चलनाच्या कार्डात दर निघतानाच निश्चित होतो. मात्र कार्डात नसलेल्या चलनात खर्च केल्यास पुन्हा रूपांतर होते. परदेशी दुकानातील यंत्र ‘बिल रुपयांत की स्थानिक चलनात’ असा पर्याय देते, तेव्हा जुना बट्टाच नव्या रूपाने पुढे आलेला असतो. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो. पण त्यातील भाव दुकानदाराच्या बँकेने ठरविलेला व बहुधा चढा असतो. स्थानिक चलन निवडल्यास रूपांतर कार्ड देणाऱ्या संस्थेच्या दराने होते. विमानतळावरील बदलकेंद्रे ‘शुल्क नाही’ अशी पाटी लावतात, तेथेही खरेदी व विक्री या दोन भावांमधील अंतर पाहावे लागते.