वळूपासून नळीपर्यंत

माझ्या लहानपणी आमच्या गावात देवाला सोडलेला एक वळू होता. करड्या-पांढऱ्या रंगाचा, धिप्पाड. कुणाच्याही शेतात शिरला तरी त्याला काठी मारायची छाती होत नसे. आम्ही त्याला वळू म्हणत असू, शेजारची कानडी मंडळी गूळी म्हणत. नावे दोन असली तरी दोन्ही भाषांच्या दावणीतल्या गाई फळवायला त्याच्याकडेच जात. मग एके दिवशी सायकलीला डबा बांधून जनावरांचे डॉक्टर आले, आणि बैल न दाखवता गाय गाभण राहते असे सांगू लागले. माझ्या आजीने कपाळाला हात लावला. "बापाशिवाय वासरू? कलियुग आलं!"

पुढे इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर कळले, की आजीचे हे कलियुग बरेच जुने आहे. १६७७ साली हॉलंडमधल्या लेव्हेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्यातले हलणारे सूक्ष्म जीव पाहिले. सुमारे शंभर वर्षांनी, १७८० साली, इटलीतल्या स्पालान्झानी या धर्मगुरूने एका कुत्रीच्या गर्भाशयात पिचकारीने वीर्य सोडले. बासष्ट दिवसांनी तिला तीन पिल्ले झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी रशियात इवानोव्ह यांनी ही विद्या घोड्यांवर मोठ्या प्रमाणात वापरली.

आपल्याकडे ती आली १९३९ साली, म्हैसूरच्या पॅलेस डेअरी फार्मवर. संपत कुमारन यांनी होल्स्टीन वळूचे वीर्य वापरून हळ्ळीकार गाई फळवल्या. त्या वेळी म्हैसूर संस्थान होते, आपले बेळगाव मुंबई इलाख्यात होते. १९४२ पासून इज्जतनगरच्या पशुवैद्यक संस्थेत या विषयाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला.

पण ताजे वीर्य फार टिकत नसे. ती अडचण सुटली १९४९ साली इंग्लंडमध्ये, आणि तीही एका चुकीमुळे. पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांच्या प्रयोगशाळेत बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. साखरेच्या द्रावणाऐवजी ग्लिसरीन मिसळले गेले, आणि गोठवलेल्या कोंबड्याच्या वीर्यात उब मिळताच जीव हलू लागले. आज उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवरूप नत्रवायूत, पाव मिलिलिटरच्या नळीत, वळूचे बीज वर्षानुवर्षे टिकते. वळू मरून गेला तरी त्याची वासरे जन्मत राहतात!

महाराष्ट्रात ही विद्या गोठ्यापर्यंत नेण्याचे मोठे श्रेय मणिभाई देसाई यांना द्यावे लागेल. गांधीजींनी उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात ठेवलेल्या या माणसाने १९६७ साली 'बाएफ' ही संस्था काढली. शेतकऱ्याने गाय घेऊन दवाखान्यात जायचे, हा प्रकार त्यांनी उलटा केला, दवाखानाच दारात नेला. संकरित गाईंच्या दुधावर कितीतरी कोरडवाहू घरांतली मुले शिकली. माझ्याच शाळेत अशी मुले वर्षानुवर्षे आली. तेव्हा या विद्येला नावे ठेवण्याचा करंटेपणा मी करणार नाही.

तरीही एक हिशेब मांडायला हवा. आमच्या गावचा तो वळू कृष्णाकाठच्या जातीचा होता. सरकारदरबारी तिचे नाव 'कृष्णा व्हॅली'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली, मिरज, जमखंडी या भागातल्या संस्थानिकांनी आणि जाणत्या शेतकऱ्यांनी गीर, ओंगोल, कांकरेज आणि म्हैसूरकडची जनावरे यांच्या मेळातून ती घडवली. काळ्या चिकट रानात नांगर ओढायला जबर ताकदीचा बैल हवा होता. सूक्ष्मदर्शक नव्हता, नळी नव्हती. कुठली गाय कुठल्या वळूला दाखवायची, एवढ्या शहाणपणावर एक जात उभी राहिली. मग ट्रॅक्टर आला, बैलाचे काम संपले. दुधासाठी विलायती नळी आली, आणि ही जात आटत गेली.

गेल्या वर्षी माझ्या धाकट्या भावाची गाय माजावर आली. "दादा, या वेळी आपल्या जुन्या जातीचं बघू या का?" त्याने विचारले. डॉक्टरांच्या डब्यात होल्स्टीनची नळी होती, जर्सीची होती, आमच्या जातीची नव्हती. माज काही तासांचा असतो, गाय थांबत नाही. भावाने होल्स्टीन भरवली. मी गप्प राहिलो. दुधाचा हप्ता त्याला भरायचा होता, मला नव्हे.

ही विद्या केवळ वाढवण्याची नाही, राखण्याचीही आहे. हैदराबादच्या 'लॅकोन्स' प्रयोगशाळेत २००६ साली कृत्रिम रेतनातून चितळाचे पाडस जन्मले. तो प्रयत्न रानातल्या दुर्मिळ प्राण्यांना वाचवण्याच्या वाटेवरचा होता. जे चितळासाठी केले, ते कृष्णाकाठच्या गाईसाठी करणे अवघड नाही. बीज कुठले राखायचे हे मात्र यंत्र ठरवत नाही. पूर्वी ते गाव ठरवत असे. आता ते मागणी ठरवते, आणि मागणी म्हणजे तुम्ही-आम्हीच.

भावाच्या गाईला कालवड झाली आहे. दोन-अडीच वर्षांत ती माजावर येईल. त्याआधी डॉक्टरांना आमच्या जातीची नळी मागवायला आम्ही दोघांनी सांगून ठेवले आहे. गावातल्या आणखी चार घरांनी सांगितले तर ती डब्यात येईलही. दोन घरे कानडी आहेत. त्यांच्याशी बोलणे झाले आहे.