थरांमधून वाट काढणारे आयन

मीठ घनरूपात विजेचे दुर्वाहक असते. वितळले किंवा पाण्यात विरघळले की ते वीज वाहून नेते. स्फटिकात आयन जखडलेले असतात, हे त्याचे कारण आपण दरवर्षी वर्गात सांगतो. मिठापुरते ते बरोबर आहे. पण सर्व आयनिक घन पदार्थ असे नसतात. घनरूप लेड फ्लुओराइड तापवले की त्यातून वीज वाहते, हे मायकेल फॅरडे यांना १८३० च्या दशकातच आढळले होते. मग कोणत्या घनात आयन हलतात, हे ठरते कशावरून? एका खनिजाच्या कुळाचा इतिहास पाहिला, तर याचे उत्तर मिळते.

१८३९ साली गुस्टाव्ह रोझे या जर्मन खनिजशास्त्रज्ञांनी उरल पर्वतातील एका खनिजाला, रशियन उमराव पेरोव्हस्की यांच्या नावावरून, पेरोव्हस्काइट हे नाव दिले. हे खनिज म्हणजे कॅल्शियम टायटॅनेट. त्यात टायटॅनियमभोवती सहा ऑक्सिजन अष्टफलकाच्या कोपऱ्यांवर बसतात. असे अष्टफलक कोपऱ्याला कोपरा जोडून चहूकडे पसरतात आणि मधल्या पोकळ्यांत कॅल्शियम अडकतो. त्यावर दोन धन प्रभार असल्याने पकड घट्ट आणि शेजारच्या पोकळ्याही भरलेल्या. त्याने जावे कुठे?

१९४९ मध्ये स्वीडनचे बेंग्ट ऑरिव्हिलियस यांनी वेगळीच रचना उलगडली. पेरोव्हस्काइटचे पातळ थर आणि त्यांच्यामध्ये बिस्मथ ऑक्साइडचे थर! १९५७-५८ मध्ये रडल्सडेन व पॉपर यांनी मिठासारख्या रचनेच्या थरांनी विभागलेली स्ट्रॉन्शियमची संयुगे वर्णिली. थर वेगळे झाले, पण आयनांवरची पकड सैल झाली नव्हती.

१९८१ मध्ये फ्रान्समधील डियाँ व सहकाऱ्यांनी कॅल्शियम-नायोबियम ऑक्साइडच्या थरांमध्ये पोटॅशियमसारखे एकच प्रभार असलेले आयन बसवले. हे आयन बदलता येतात. संयुग आम्लात ठेवले की पोटॅशियम बाहेर पडतो, हायड्रोजन आत शिरतो, आणि पेरोव्हस्काइटचे थर मात्र शाबूत राहतात. १९८७ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गोपालकृष्णन व भट यांनी पोटॅशियम, लँथॅनम व टायटॅनियमच्या संयुगांतही अशी अदलाबदल दाखवली.

यातून दोन अटी स्पष्ट होतात : आयनावरची पकड सैल हवी आणि शेजारी रिकामी जागा हवी. १९९३ मध्ये जपानमधील इनागुमा व सहकाऱ्यांनी लिथियम-लँथॅनम टायटॅनेट तयार केले. त्यात लँथॅनम जास्त व कमी असलेले थर आलटून पालटून येऊ शकतात आणि काही जागा रिकाम्या असतात. स्फटिककणाच्या आत लिथियम आयनांची संवाहकता खोलीच्या तापमानालाच सेंटीमीटरला सुमारे एक सहस्रांश सीमेन्स भरली. घन विद्युतघटासाठी ही आशादायक गोष्ट होती. पण कणांच्या सीमांवर लिथियम अडखळतो, आणि लिथियम धातूचा स्पर्श झाला की टायटॅनियमचे क्षपण होते. म्हणून केवळ रचना चांगली असून भागत नाही.

वर्गात हे दाखवायला पंधरा सरकत्या ठोकळ्यांचा खेळ पुरेसा आहे. चौकटीत घरे सोळा असतात आणि एका रिकाम्या घरामुळे सगळे ठोकळे फिरवता येतात. ते घर कागदाच्या बोळ्याने बुजवा आणि एखादा ठोकळा हलवायला सांगा. मीठ दुर्वाहक का, हे मग मुले आपणहून सांगतील. आणि कोणते घन तसे नसतील, हेही विचारतील.