नाममुद्रा आणि ध्वनिमुद्रण : मावळी ओवीच्या स्वामित्वाचा प्रश्न

मराठी पद्यपरंपरेत कर्त्याचे नाव रचनेच्या बाहेर नसून आत असते. संतांच्या अभंगांच्या अखेरच्या चरणात व शाहिरांच्या कवनांच्या शेवटी येणारी नाममुद्रा केवळ शोभेची नव्हती. मुखोमुखी फिरणाऱ्या रचनेवर कर्त्याचा हक्क सांगणारे ते एक साधन होते. त्या काळी रचना चोरावयाची म्हणजे ही मुद्रा काढून तेथे दुसरी बसवावयाची. स्त्रियांच्या जात्यावरच्या ओवीत मात्र अशी मुद्रा बहुधा आढळत नाही. तीत भाऊ येतो, माहेर येते, पंढरीची वाट येते. गाणारीचे नाव येत नाही. ध्वनिमुद्रित संगीत आता स्ट्रीमिंग मंचांवरून जगभर ऐकले जाते आणि कोणीही तेथे परक्याचे गाणे स्वतःच्या नावाने चढवू शकतो. अशा वेळी ह्या अनामिकतेस वेगळेच गांभीर्य प्राप्त होते. कारण चोरलेले संगीत तेथून काढविण्याची सारी प्रक्रिया नावावरच उभी आहे.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी नाममुद्रेने एक नवे रूप घेतले. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग याने कलकत्त्यास ध्वनिमुद्रणे केली, तेव्हा गोहरजान गाण्याच्या शेवटी आपले नाव इंग्रजीत उच्चारीत असे. जर्मनीतील हानोव्हर येथे तबकड्या तयार करणाऱ्यांस गायिका कोण हे कळावे, एवढाच त्यामागील हेतू होता. नाव तबकडीत शिरले; परंतु त्याच्यामागून हक्क आला नाही. १९१४ च्या कायद्याने तबकडीच्या मूळ साच्याच्या मालकास पन्नास वर्षांचे संरक्षण दिले. गाणाऱ्यास त्यात स्थान नव्हते. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातही मूळ स्वरूपात ते नव्हतेच. १९७८ साली मुंबई उच्च न्यायालयाने फॉर्च्यून फिल्म्स विरुद्ध देव आनंद ह्या वादात नटाच्या अभिनयास ह्या कायद्याखाली स्वतंत्र संरक्षण नाही, असा निर्णय दिला. 'प्रताधिकार' हा शब्दच पाहिला, तर त्यात प्रतीचा विचार आहे, कंठाचा नाही.

हे चित्र १९९४ च्या दुरुस्तीने पालटले. कायद्यात प्रयोगकर्त्याचा हक्क अवतरला आणि त्याच्या व्याख्येत गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर प्रयोग करणाऱ्या अन्य कोणत्याही व्यक्तीचा समावेश झाला. प्रारंभी पंचवीस वर्षांचा असलेला हा हक्क १९९९ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांचा झाला. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल पुढे टाकले : आपल्या प्रयोगाशी आपले नाव जोडले जावे आणि आपल्या गायनाची विटंबना होऊ नये, अशी मागणी करण्याचा नैतिक हक्क प्रयोगकर्त्यास मिळाला. जुन्या नाममुद्रेस अशा रीतीने कायद्याचे पाठबळ लाभले, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या इतिहासाचा मावळाशी संबंध कसा पोहोचतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. पुणे-मुंबई लोहमार्गावरील कान्हे स्थानकाकडून आंदर मावळात शिरताना टाकवे बुद्रुक हे गाव लागते. वरच्या अंगाच्या ठोकरवाडी धरणाच्या पाण्यावर भिवपुरी येथे निर्माण होणारी वीज मुंबईकडे गेली. पुढे खेडोपाडीही वीज आली, पिठाची गिरणी आली आणि जाते थांबले. टाकव्यातील एखाद्या वृद्धेने १९९६ साली गायिलेल्या ओव्या संशोधकाने ध्वनिफितीवर घेतल्या आणि आज कोणी त्यांस ताल जोडून स्वतःच्या नावाने स्ट्रीमिंग मंचावर ठेवल्या, असे समजू. येथे तीन थर वेगळे करावे लागतात. परंपरागत ओवी कोणा एकाच्या मालकीची नाही. ती कोणीही गावी. ध्वनिमुद्रणाचा प्रताधिकार मुद्रण करविणाऱ्याचा. गायनाचा हक्क मात्र त्या वृद्धेचा. तो २०४६ अखेर टिकतो आणि लेखी हस्तांतरणाशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. तेव्हा चोरी झाली ती ओवीची नव्हे, गाणारीच्या आवाजाची व त्या मुद्रणाची.

काढविण्याची रीत २०१३ च्या नियमावलीतील ७५ व्या नियमात सांगितली आहे. स्वामीने मंचचालकास लेखी तक्रार द्यावयाची. कृतीचे वर्णन, आपल्या स्वामित्वाचा तपशील, चोरीची प्रत कोठे आहे ती जागा, आणि न्यायालयात दावा लावण्याची हमी तीत असावी लागते. तक्रारीविषयी खात्री पटल्यास चालकाने ३६ तासांच्या आत ती प्रत बंद करावयाची. २१ दिवसांत न्यायालयाचा हुकूम दाखल न झाल्यास ती पुन्हा खुली करता येते. २०१६ साली सुपर कॅसेट्स विरुद्ध मायस्पेस ह्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने सर्वसाधारण तक्रार पुरेशी नाही, नेमकी कोणती कृती हे स्वामीने दाखविले पाहिजे, असे ठरविले. दावा कोठे लावावयाचा, ह्याबाबत कायदा उदार आहे : कलम ६२ अन्वये वादी जेथे राहतो तेथील जिल्हा न्यायालय चालते. टाकव्याच्या बाईस परदेशी कंपनीच्या दाराशी जावे लागत नाही, पुणे पुरते. तथापि एकवीस दिवसांत पुण्यास दावा लावून हुकूम मिळविणे हे डोंगराळ भागातील वृद्धेस कितपत साध्य आहे, हा प्रश्न उरतोच.

विख्यात गायकांचा मार्ग वेगळा आहे. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने केली जाणारी नक्कल अंतरिम हुकमाने रोखली. तेथे आधार होता तो व्यक्तिमत्त्वाच्या हक्काचा, आणि त्याचे बळ कीर्तीत आहे. प्रयोगकर्त्याच्या हक्कास कीर्तीची अट नाही. त्यास पुरावा तेवढा हवा.

हा पुरावा कसा राखावा, याचा धडा महाराष्ट्रातच उपलब्ध आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागापासून आरंभ करून एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांतील काहींचे ध्वनिमुद्रण केले. ओवीसोबत गाणारीचे नाव व गाव नोंदविण्याचा कटाक्ष हे ह्या कार्याचे वैशिष्ट्य होय. जी मुद्रा ओवीत नव्हती, ती संग्राहकांनी नोंदवहीत उमटविली.

भाषाभ्यासासाठी घेतलेल्या अनेक ध्वनिफितींवर मात्र 'स्त्री, वय ६०, मावळी बोली' एवढीच नोंद असते. ध्वनीच्या अभ्यासास ती पुरेल. न्यायालयात ती निरुपयोगी ठरेल. मुद्रणाचा प्रताधिकार संग्राहक संस्थेकडे असल्यास ३६ तासांची तक्रार तीच संस्था करू शकते. मात्र गाणारीचे नाव, गाव, तारीख आणि संमती हाती असल्याखेरीज गाणारीचा हक्क कोणासही सिद्ध करता येणार नाही. माहिती देणारी व्यक्ती ही भाषेचा निव्वळ नमुना नसून हक्काची धनी आहे. ह्या फिती संगणकावर उतरविण्यापूर्वी गावोगाव जाऊन ती नावे शोधणे हे म्हणूनच संग्राहक संस्थांचे पहिले कर्तव्य ठरते; त्या गाणाऱ्यांस ओळखणारी माणसे अद्याप गावांत आहेत, तोवरच ते शक्य आहे.