मुठीजवळची तरफ

शालेय विज्ञानाने जिला 'तरफ' असे नाव दिले, तिला गॅरेजात त्या नावाने कोणी ओळखत नाही. तिथे ती 'लिव्हर' असते. क्लचची किंवा ब्रेकची. उभी गाडी कलंडली तरी पहिला मार बहुधा हिलाच बसतो. वाकलेली लिव्हर हातोडीने सरळ करण्याचा मोह अनेकांना होतो, पण ॲल्युमिनियम असे सोसत नाही. न दिसणारी चीर जाते आणि पुढे नेमक्या गरजेच्या क्षणी ती मोडते. तेव्हा नवी आणणे आलेच. ही नवी लिव्हर शोधताना आपण शंभराहून अधिक वर्षांच्या एका तंट्यात शिरत असतो, याची जाणीव मात्र गिऱ्हाइकाला क्वचितच असते.

हा तंटा माणसाच्या कोणत्या अवयवाने कोणते काम करावे याचा आहे. आरंभीच्या मोटारसायकलींत इंधन, हवा, ठिणगीची वेळ यांसाठी निरनिराळ्या तरफा असत, त्यांतल्या कित्येक टाकीच्या कडेला; तेलाचा पंपही हाताने मारावा लागे. त्या हँडलवर येऊ शकल्या त्या अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन यांच्या १८९६ च्या पेटंटमुळे. आवरणातून सरकणारी लवचीक तार वळणे घेत हवी तिथे ओढ पोहोचवू लागली. ('रॅले' सायकलवाले फ्रँक बोडन ते हे नव्हेत, आडनावामुळे दोघांची गल्लत वारंवार होते.) तरीही एकमत नव्हते. काही गाड्यांच्या लिव्हरी हँडलच्या टोकाशी खिळवलेल्या, म्हणजे आजच्यापेक्षा नेमक्या उलट्या असत. 'इंडियन' या अमेरिकी कंपनीच्या अनेक गाड्यांचा थ्रॉटल डाव्या मुठीत होता, आणि त्या काळी अमेरिकेत क्लच पायाने व गिअर हाताने टाकण्याची रीत होती. पायाने एकेक गिअर नेमका पडावा अशी योजना १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'व्हेलोसेट'च्या हॅरल्ड विलिस यांनी केली, आणि हळूहळू गिअर पायाकडे व क्लच हाताकडे आला.

आपल्याकडे १९७० आणि १९८० च्या दशकांत या तंट्याचे तीन पक्ष एकाच रस्त्यावर नांदत होते. १९५५ पासून मद्रासला जम बसवलेली बुलेट इंग्रजी वळणाची: गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या, पहिला गिअर वर आणि उरलेले तीन खाली. डाव्या मुठीपाशी डीकॉम्प्रेसरची छोटी लिव्हर, आणि गिअरबॉक्सवर न्यूट्रलसाठी टाचेने दाबायची आणखी एक. म्हैसूरची जावा, पुढची येझ्दी, चेकोस्लोव्हाक घराण्याची: गिअर डावीकडे, आणि तोच दांडा आत दाबून वर फिरवला की त्याची किक होई. आकुर्डीहून १९७२ पासून निघालेल्या चेतकचे गिअर तर डाव्या मुठीतच, क्लचची लिव्हर धरून मूठ पिळायची. ही तीन व्याकरणे होती असे आम्ही म्हणतो ते केवळ भाषेचे अध्यापक म्हणून नव्हे. व्याकरण जसे बोलताना आठवावे लागत नाही, तसे हातापायांचे हे वळणही आठवावे लागत नाही. आणि म्हणूनच गाडी बदलली की ते घात करते. जावावर मुरलेला माणूस बुलेटवर बसला आणि समोर अचानक म्हैस आली, तर त्याचा उजवा पाय ब्रेक शोधत गिअरवर पडे.

हा तंटा मिटला तो दूर देशीच्या एका नियमाने. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकाने १९७४ मध्ये जागा ठरवून टाकल्या: क्लच डाव्या हाताशी, पुढचा ब्रेक उजव्या, गिअर डाव्या पायाशी, मागचा ब्रेक उजव्या. जपानी गाड्या आधीपासून तशाच होत्या. ट्रायम्फ आणि नॉर्टन यांना मात्र गिअरचा दांडा दुसऱ्या बाजूला नेण्याच्या कसरती कराव्या लागल्या. आमच्या बुलेटने आपले उजवे वळण थेट एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत टिकवले. याला कोणी निष्ठा म्हणेल, कोणी हट्ट. आम्हांला दोन्ही खरे वाटते.

जागा ठरल्या, मापे मात्र ठरली नाहीत, आणि शोध घेणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. जुन्या इंग्रजी लिव्हरींत खिळीपासून तारेच्या गाठीपर्यंतचे अंतर मुख्यतः दोन प्रकारचे असे: ७/८ इंच (सुमारे २२ मिमी) आणि १ १/१६ इंच (सुमारे २७ मिमी). हँडलच्या नळीची जाडीही ७/८ इंचच असल्याने दुकानात गोंधळाला निमित्त मिळते. पाच मिलिमीटरचा हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, पण बोटांच्या तेवढ्याच हालचालीत तार सुमारे एकपंचमांशाने कमीअधिक ओढली जाते. आखूड अंतराची लिव्हर हाताला हलकी लागते म्हणून आवडते. परंतु क्लच पुरता सुटत नाही आणि सिग्नलला गाडी पुढे रेटत राहते. लांब अंतराची क्लच नीट सोडवते, पण गर्दीत तासाभराने मनगट बोलू लागते.

डिस्क ब्रेकच्या बाबतीत चूक याहून महाग पडते. १९६९ च्या होंडा सीबी ७५० नंतर हा ब्रेक घरोघरी पोहोचण्याची वाट मोकळी झाली. त्यात लिव्हर तार ओढत नाही, मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते. नकली लिव्हरचे आतले टोक किंचित जरी लांब असले, तरी दट्ट्या पूर्ण मागे येत नाही. तेल टाकीत परतण्याचे बारीक छिद्र झाकलेले राहते. तापलेले तेल प्रसरण पावते, त्याला वाट नसते, आणि कोणी हात न लावता पुढचे चाक आवळले जाऊ लागते. रंगीत, चकचकीत, यंत्रावर कोरून काढलेल्या जोडीचा मोह पडलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सांगतो की बसवल्यावर लिव्हरीला थोडी मोकळी हालचाल आहे का, ते बोटाने आधी पाहा.

या चैनीच्या वाटणाऱ्या लिव्हरींत एक गोष्ट मात्र खरोखर मोलाची असते: मुठीपासूनचे अंतर कमीजास्त करणारी चकती. मूळ लिव्हर ज्या पंजासाठी घडवली तो बहुधा मोठा आणि पुरुषाचा होता. लहान हाताच्या स्त्रीला वा मुलाला तिच्यापर्यंत पोहोचायला मूठ सैल करावी लागते, तीही नेमकी थांबण्याच्या घाईत.

शरीराप्रमाणे तरफ हलवण्याचे याहून ठळक उदाहरण मिक डूहन यांचे. १९९२ मध्ये ॲसनला त्यांचा उजवा पाय असा जायबंदी झाला की मागचा ब्रेक दाबणे अवघड झाले. मग तो ब्रेक डाव्या मुठीखाली, अंगठ्याने दाबायच्या लिव्हरीवर आणण्यात आला. १९९४ ते १९९८ अशी सलग पाच वर्षे ते ५०० सीसीचे जगज्जेते राहिले. पुढे दोन्ही पाय धडधाकट असलेल्या शर्यतपटूंनीही अंगठ्याचा ब्रेक मागून घेतला, कारण उजव्या वळणावर गाडी झुकली की पायाला पेडलपर्यंत जायला जागाच उरत नाही.